सीलर काढण्याचे काम आणि आपला जीव

(सुरत येथे रंगकाम व फ्लोअरिंगच्या कामावर असलेल्या मराठी भाषक कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता फार लहान आहे. मजुरीचा दर, बोनस, नोंदणी हे विषय आपण नेहमीच घेतो. आज मात्र एकाच कामाविषयी बोलायचे असे आम्ही ठरवले आहे. ते काम म्हणजे बंगल्याच्या किंवा सोसायटीच्या फाटकापासून आत जाणारी काँक्रीटची वाट, पार्किंगचा उतार, तळघराची फरशी यांवर मारलेला जुना सीलर काढून टाकणे. आपल्यापैकी बरेचजण जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन उधना-लिंबायत भागात राहिले आहेत. सकाळी नाक्यावर उभे राहायचे आणि मुकादम नेईल तिथे जायचे. तो सांगतो, "फरशीवरचा जुना थर काढायचा आहे, दोन दिवसांचे काम." डब्यात काय आहे, धूळ कसली आहे, हे तो सांगत नाही. बहुतेक वेळा त्यालाही ते ठाऊक नसते.

आमच्यातल्याच एका टोळीचा अनुभव सांगतो आणि मग पुढे जातो. एका इमारतीच्या तळघरात रॅम्पच्या पायथ्याशी चौघे रिमूव्हर लावून थर खरवडत होते. दुपारी त्यातला एकजण बडबडू लागला, त्याचा तोल जाऊ लागला. बाकीचे हसले. सुपरवायझर म्हणाला, "सकाळीच लावून आला दिसतो." त्याला शिव्या देऊन बाहेर काढले, तासाभराने तो शुद्धीवर आला आणि त्याची अर्धी हजेरी कापली गेली. खरे तर त्याने दारूचा थेंब घेतला नव्हता. त्याला चढली होती ती डब्यातली वाफ. त्या दिवशी त्याला बाहेर काढले म्हणूनच तो वाचला, आणि ज्याने त्याला वाचवले त्याला आपण काय केले याचा पत्ता नव्हता. हजेरी कापली गेली याचा राग आहेच. पण त्यावेळी आपल्यापैकी कोणालाही खरे कारण सांगता आले नाही, याची लाज आम्हाला अधिक वाटते. म्हणून हा वर्ग.

सीलर म्हणजे काय, आणि तो काढायचा कशाला?

काँक्रीटला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी, तेल आत जाऊ नये म्हणून सीलर मारतात. त्याचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. पहिला काँक्रीटच्या आत मुरतो, वर थर दिसत नाही. सिलेन-सिलोक्सेन जातीचे सीलर असे असतात. दुसरा वर पापुद्रा धरतो, चमक देतो. ऍक्रिलिक, इपॉक्सी आणि पॉलियुरेथेन हे या दुसऱ्या प्रकारचे. स्टॅम्प काँक्रीटवर बहुधा ऍक्रिलिक असते आणि पार्किंगमध्ये इपॉक्सी.

मुरणारा सीलर रिमूव्हरने निघतच नाही, कारण काढायला वर काही नसतेच. तो काढायचा तर काँक्रीटच घासावे लागते. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी फरशी ओळखावी. नखाने किंवा पट्टीने कोपरा खरवडून पाहावा. पापुद्रा सुटला तर थर आहे. पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहतात पण पापुद्रा निघत नाही, तर तो मुरलेला आहे. पापुद्रा कोणत्या जातीचा हे पाहायला मोकळ्या हवेत, चिंधीवर थोडेसे झायलीन घेऊन, हातमोजा घालून, चार बोटांच्या जागेवर काही मिनिटे ठेवावे. चिकट झाला तर तो बहुधा ऍक्रिलिक. ढिम्म हलला नाही तर इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन.

आता मालकाला एक प्रश्न विचारायला आपण शिकले पाहिजे. हा थर काढायची खरोखर गरज आहे काय? ऍक्रिलिक सीलर ओल्या काँक्रीटवर मारला की आत अडकलेल्या ओलीने पांढरा पडतो. असा थर पुष्कळदा संपूर्ण न काढताही जाणकार माणूस दुरुस्त करू शकतो. काही ठिकाणी थर झिजू देणे हाच शहाणपणा असतो. पोपडे सुटले आहेत, पावसात माणसे घसरतात, किंवा नवे कोटिंग धरणार नाही, तिथे तो काढावा लागेल. जे धोक्याचे काम करावेच लागले नाही त्यात कोणी मरत नाही. सुरक्षेचा पहिला नियम हाच आहे. मालक मास्कपासून सुरुवात करतो. आपण "हे काम हवेच आहे का, आणि दुसऱ्या रीतीने होईल का" येथून सुरुवात करू. मास्क सर्वांत शेवटी येतो.

डब्यातला शत्रू

काही रिमूव्हरमध्ये मेथिलीन क्लोराइड असते. त्यालाच डायक्लोरोमेथेन म्हणतात. आपल्या बाजारात त्याला एमडीसी म्हणतात. हे रसायन सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळते. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या फरशीवर ते ओतले की त्याची वाफच होते. ती वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, रॅम्पच्या पायथ्याशी, तळघरात, खड्ड्यात साचते आणि आपण नेमके तिथेच उकिडवे बसून खरवडत असतो. ती मेंदूला गुंगी आणते. शिवाय शरीरात गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसे ज्याने मरतात तोच हा वायू, आणि तो आपल्याच शरीरात तयार होतो. ज्याचे हृदय आधीच कमजोर आहे त्याला हा दुहेरी मार बसतो.

"वास आला की बाहेर पडू," असे कोणी म्हणेल. तो भरवसा खोटा आहे. याचा गोडसर वास नाकाला कळतो तोवर सुरक्षित मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबचा जुना थर या रसायनाने काढताना १३ कामगार मेल्याची नोंद तेथील सरकारी आरोग्य यंत्रणेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. ती माणसे न्हाणीघरासारख्या लहान जागेत बहुधा एकटी काम करत होती. तेथे २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी असे रिमूव्हर विकण्यावर बंदी आली आणि २०२४ च्या नियमाने बहुतेक व्यावसायिक उपयोगही बंद करण्याचे ठरले. आपल्या कामांवर मात्र असे डबे आम्ही स्वतः पाहिले आहेत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. गॅससाठी म्हणून मिळणारी साधी कार्बनची डबी या रसायनाला फार थोडा वेळ अडवते. बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारे उपकरण नसेल तर हे काम करता येत नाही. नायट्राइलच्या पातळ हातमोज्यातूनही ते लवकर पार होते. तेव्हा आपला नियम सरळ असावा. डब्यावर मेथिलीन क्लोराइड, डायक्लोरोमेथेन, एमडीसी यांपैकी काहीही लिहिले असेल, किंवा ७५-०९-२ हा क्रमांक इंग्रजी आकड्यांत दिसला, तर तो डबा उघडायचा नाही. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याने निदान हा आकडा पाठ करावा. डब्यावर काहीच लिहिलेले नसेल, दुसऱ्याच बाटलीत ओतून आणलेले असेल, तरीही उघडायचा नाही.

दुसरा शत्रू आगीचा. झायलीन, टोल्युइन, ऍसिटोन आणि आपण ज्याला सरसकट थिनर म्हणतो ते सगळे पेट घेणारे आहेत. झायलीनची वाफ साधारण २५ ते ३० अंशांनाच ठिणगीने पेटू शकते, टोल्युइन आणि ऍसिटोनची तर त्याहून कितीतरी कमी तापमानाला. ही वाफही जमिनीलगत सरपटत जाते. बिडी, गाडीचा स्टार्टर, पाण्याच्या पंपाचे बटण, जनरेटर, ग्राइंडर यांतली कोणतीही एक ठिणगी पुरते. थिनर लावलेल्या जागी ओल असेपर्यंत ग्राइंडर लावू नये, हे त्यामुळेच.

तिसरी चूक म्हणजे ऍसिड. "ऍसिड मारले की सगळे निघते," असा समज आहे. ऍसिडने ऍक्रिलिक किंवा इपॉक्सीचा थर निघत नाही. ते सिमेंटला खाते. जिथे थर सुटला आहे तिथले काँक्रीट पोखरले जाते, जिथे थर आहे तिथे तो तसाच राहतो. फरशी वाया जाते आणि धुराने आपली छाती भरते ते वेगळेच.

धुळीचा शत्रू

इपॉक्सीचा कठीण थर किंवा मुरलेला सीलर काढायला ग्राइंडर लागतो. काँक्रीटमध्ये वाळू असते आणि वाळूत स्फटिकरूप सिलिका. ग्राइंडरचा डायमंड कप व्हील फिरला की तिची इतकी बारीक धूळ होते की डोळ्यांना दिसत नाही. दिसणारी धूळ नाकात अडकते. न दिसणारी फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथे व्रण करते. याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही, आणि धूळ बंद झाली तरी पुष्कळदा वाढतच राहतो. क्षयाची लागण अशा छातीला लवकर होते. म्हणून कित्येकांना "टीबी आहे" म्हणून औषधे दिली जातात आणि खरा रोग कागदावर येतच नाही.

हे गुजरातला नवे नाही. गोध्र्याच्या परिसरातील दगड भरडण्याच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर, धार या भागांतले आदिवासी मजूर कामाला आले, छातीत धूळ घेऊन घरी परतले आणि मेले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती रक्कम देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला २०१६ साल उजाडले. पोटासाठी राज्याची सीमा ओलांडलेल्या मजुराला न्याय किती उशिरा मिळतो, हे आपण, जे स्वतः सीमा ओलांडून आलो आहोत, कधीही विसरू नये.

दोन दिवस ग्राइंडर चालवला म्हणून कोणाला सिलिकोसिस होत नाही. पण जो वर्षानुवर्षे हेच काम करतो त्याला होतो. आणि ग्राइंडर चालवणाऱ्याच्या मागे कोरडा झाडू घेऊन जी आमची भगिनी धूळ गोळा करते, तिच्या छातीतही तीच धूळ जाते. तिला मास्क देण्याचे कोणाच्या मनातही येत नाही, कारण ती "हेल्पर" आहे.

काम करायचे ते कसे?

पापुद्र्याच्या सीलरसाठी बेन्झिल अल्कोहोलचे किंवा सोयाबीन तेलापासून केलेले सावकाश चालणारे रिमूव्हर मिळतात. तेही निरुपद्रवी नाहीत, पण मेथिलीन क्लोराइडसारखे झटक्यात माणूस पाडत नाहीत. एनएमपी नावाचे द्रव्य असलेला डबा मात्र नको. ते पोटातल्या बाळाला अपायकारक आहे आणि कातडीतूनही शरीरात जाते.

कामाचा क्रम असा ठेवावा. डब्यासोबतचे सुरक्षा माहितीपत्रक आधी मागून घ्यावे आणि ज्याला वाचता येते त्याने सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावे. सकाळी लवकर, फरशी थंड असताना सुरुवात करावी. आधी दोन फूट लांब, दोन फूट रुंद तुकड्यावर करून पाहावे. जवळच्या खोल्यांच्या खिडक्या बंद, आपल्या बाजूची हवा मोकळी. तळघर असेल तर ताजी हवा आत ढकलणारा आणि वाफ बाहेर काढणारा पंखा लागतो. नुसता हवा ढवळणारा पंखा उपयोगाचा नाही, आणि पंख्याची मोटर ठिणगी न उडवणारी हवी.

रिमूव्हर जाड लावून वर प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. त्याने ते वाळत नाही आणि वाफही कमी उठते. डब्यावर सांगितलेला वेळ पूर्ण थांबावे. मग लांब दांड्याच्या पट्टीने उभे राहून खरवडावे. उकिडवे बसले की तोंड वाफेत जाते. हातमोजे, डोळ्यांना पूर्ण बंद चष्मा, पायात रबरी बूट, आणि माहितीपत्रकात सांगितलेली असेल त्या जातीची डबी लावलेला मास्क वापरावा. तोंडाला बांधलेला गमछा वाफही अडवत नाही आणि बारीक धूळही अडवत नाही. हात धुतल्याशिवाय बिडी, तंबाखू, डबा यांना हात लावू नये. थिनरने हात धुणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ते आजपासून बंद करा, साबण आणि पाणी वापरा.

ऍक्रिलिकवर ग्राइंडर लावला तर थर वितळून चाकाला चिकटतो, म्हणून तिथे रिमूव्हरच बरा. जिथे घासावेच लागते तिथे दोनच रीती मान्य कराव्यात. एक, चाकाभोवती झाकण आणि त्याला जोडलेला बारीक फिल्टरचा व्हॅक्यूम. दुसरी, पाणी सोडून ओले घासणे. पण पाणी आणि वीज एकत्र आले की शॉकचा धोका. यंत्र ओल्या कामासाठीच बनवलेले हवे आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा ईएलसीबी असल्याशिवाय ते सुरू करू नये. ओला गाळ ओला असतानाच उचलावा. वाळला की त्याची पुन्हा धूळ होते. कोरडा झाडू आणि फुंकणारा ब्लोअर वापरायचा नाही. यासोबत एफएफपी-२ दर्जाचा मास्क, चेहऱ्याला घट्ट बसणारा, आणि तो हेल्परलाही.

खरवडलेला चिकट गाळ गटारात टाकू नका. त्याची वाफ गटारात साचते आणि उद्या त्या गटारात उतरणारा सफाई कामगार आपलाच भाऊ असतो. गाळावर कोरडी माती किंवा वाळू टाकून तो झाकणाच्या डब्यात भरावा आणि त्याची विल्हेवाट ठेकेदाराने घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे लावावी. चिंध्याही झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात.

कोणाला चक्कर, डोकेदुखी, मळमळ सुरू झाली, किंवा कोणी विनाकारण हसू-बडबडू लागला, तर त्याला आधी मोकळ्या हवेत आणा. तळघरात कोणी पडलेला दिसला तर एकट्याने धावत आत जाऊ नका, नाहीतर दोघे जातात. हवा सोडा, मदत बोलवा. म्हणूनच असे काम कोणीही एकट्याने करायचे नाही. अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर कपडे काढून निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. पोटात गेले तर उलटी करवू नका. दवाखान्यात जाताना डबा सोबत न्या आणि डॉक्टरांना रसायनाचे नाव सांगा. मेथिलीन क्लोराइड असेल तर रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तपासायला सांगा, कारण बोटाला लावायचे यंत्र अशा वेळी प्राणवायू ठीक आहे असे खोटेच दाखवू शकते.

दराचा प्रश्न

आता मूळ मुद्दा. हे सगळे ऐकून तुमच्यापैकी कोणीतरी मनात म्हणत असेल, "सांगता ते बरोबर, पण स्क्वेअर फुटाच्या दरात हे बसते कुठे?" हा प्रश्न रास्त आहे. सावकाश चालणारे रिमूव्हर काही तास घेते. त्या तासांचे पैसे कोणी देत नाही. म्हणून आपणच मुकादमाला म्हणतो, "तो जलद वाला आण." ओले घासले तर काम रेंगाळते, म्हणून आपणच पाणी बंद करतो. म्हणजे विष मालकाच्या दुकानातून येते, पण ते आपल्या हाताने ओतले जाते, आणि तसे करायला लावतो तो दर. म्हणून आम्ही म्हणतो की या कामातला पहिला धोका डब्यात नसून दरात आहे. मास्कची मागणी करून दर तसाच ठेवला तर मास्क खिशातच राहील.

कायद्याचे म्हणाल तर व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. श्रम संहितांविषयी आपले जे काही म्हणणे असेल ते आपण दुसऱ्या व्यासपीठावर मांडू. पण कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे, सुरक्षेच्या साधनांचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत आणि धोक्याची माहिती मागण्याचा कामगाराला हक्क आहे, या गोष्टी तीत लिहिलेल्या आहेत. त्या मागून घ्या. मात्र चौघांच्या टोळीपर्यंत आणि खाजगी बंगल्याच्या लहान कामापर्यंत कायद्याचा हात नीट पोहोचत नाही, हेही खरे आहे. तिथे आपला नियम आपणच केला पाहिजे, आणि तो नाक्यावर केला पाहिजे.

म्हणून आम्ही या वर्गापुढे पाच गोष्टी ठेवतो. एक, डब्याचे नाव आणि माहितीपत्रक आधी, काम नंतर. दोन, मेथिलीन क्लोराइडला नाक्यावरच्या कोणीही हात लावायचा नाही. एकाने नकार दिला तर मुकादम दुसऱ्याला नेतो, सगळ्यांनी दिला तर डबा बदलतो. तीन, रिमूव्हर मुरण्याची वाट पाहण्याचा वेळ हा कामाचाच वेळ आहे, त्याची मजुरी दरात धरली पाहिजे. चार, व्हॅक्यूम, पाणी, ईएलसीबी आणि मास्क हे ठेकेदाराने आणायचे, आणि हेल्पर भगिनीला ते आधी द्यायचे. पाच, ज्याने वर्षभरात ९० दिवस बांधकामावर भरले आहेत आणि ज्याचे वय १८ ते ६० आहे त्याने कल्याण मंडळात नोंदणी करायची आणि आपण कोणते काम केले, कुठे केले, याची वही ठेवायची. उद्या छातीचे दुखणे निघाले तर ती वहीच आपला साक्षीदार असेल.

ज्याची अर्धी हजेरी कापली गेली होती तो आज इथे समोर बसला आहे. त्याचे नाव आम्ही घेत नाही. त्याची हजेरी परत मिळवणे आपल्याला जमले नाही. पण यापुढे कामावर कोणाचा तोल गेला, तर "प्यायला आहे" असे म्हणून हसणारा एकही माणूस आपल्यात राहणार नाही, एवढे आज इथून उठताना ठरवू या.